मॅनिक्युअर : प्रकार, निवड आणि उतरवणे

मॅनिक्युअर म्हणजे हातांची, त्यातही नखांची, पैसे देऊन करून घेतलेली निगा. नखे कापणे, कानशीने घासून आकार देणे, नखाच्या मुळाशी असलेली कातडीची कड मागे सारणे, हात चोळणे आणि शेवटी रंग लावणे ही तिची ठरलेली अंगे. यांतले प्रत्येक काम घरी फुकटात होते. मात्र घरी ते अर्धवट सोडून कुकर बंद करायला उठावे लागते आणि पार्लरमध्ये उठता येत नाही, हा दोन्हींतला मूलभूत फरक होय.

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. त्याचा बाहेर दिसणारा सगळा भाग मृत असतो. जिवंत पेशी मुळाशी, कातडीखाली दडलेल्या असतात. मेलेल्या गोष्टीवर एवढा खर्च मराठी घरात एरवी फक्त तेराव्याला होतो.

निफाड तालुक्यातले सायखेडा हे गाव कांद्याच्या लिलावासाठी, द्राक्षबागांसाठी आणि पावसाळ्यात गोदावरीच्या पुलाला येऊन अडकणाऱ्या पाणवेलींसाठी ओळखले जाते. या तिन्ही गोष्टी मॅनिक्युअरच्या निवडीत आडव्या येतात. कांद्यामुळे पैसे असतात किंवा नसतात. द्राक्षामुळे वेळ नसतो. पाणवेलींचा मुद्दा यथावकाश येईल.

पूर्वी गोदाकाठच्या गावांत या विद्येचा एकच प्रकार प्रचलित होता. न्हावी घरी येई, ओसरीवर बैठक मारी, वाटीभर पाण्यात बोटे भिजवायला लावी आणि नराणीने नखे काढी. मोबदला बलुत्याचा, म्हणजे सुगी झाल्यावर धान्याच्या रूपात. आज काम आणि सहा महिन्यांनी खळ्यावर पैसे, ही सोय आजच्या एकाही नेल स्टुडिओत नाही. निवडीला वाव फार तर 'आधी उजवा की डावा' एवढाच होता, आणि तोही न्हावीच ठरवी.

बायकांसाठी मेंदी होती. मेंदीतले रंगद्रव्य केराटिनला घट्ट धरून बसते. कातडीवरचा रंग कातडीबरोबर झडून दोन-तीन आठवड्यांत जातो, पण नखावरचा नखाबरोबर पुढे सरकत राहतो. नागपंचमीला लावलेली मेंदी दिवाळीतही नखाच्या टोकाशी दिसते. तीन महिने टिकणारा, पोपडा न निघणारा, दिव्याखाली हात न धरता पक्का होणारा हा रंग आजच्या बाजारात आला असता तर त्याला परदेशी नाव आणि चार आकडी दर मिळाला असता. झाड अंगणातलेच असल्याने दोन्ही हुकले.

बाटलीतला नेलपॉलिश विसाव्या शतकातला. त्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. मोटारींच्या रंगातही तोच वापरत. भारतात टाटांनी १९५२ साली लॅक्मे सुरू केली आणि देशी नेलपॉलिश शहरांतल्या कपाटांत आला. तिथून तो खेड्यांतल्या जत्रेत पोचेपर्यंत त्याचे दोनच रंग उरले होते, लाल आणि त्याहून लाल. त्या पिढीला निवडीचा त्रास झाला नाही.

आता त्रास आहे. मात्र निवडीचा पहिला टप्पा प्रकाराचा नसून वाराचा असतो, ही गोष्ट या विषयावरची पुस्तके सांगत नाहीत. शनिवारी नखे कापत नाहीत. अमावास्येला नाही. दिवे लागल्यावर तर मुळीच नाही. कुणाकडे गुरुवार पाळतात, कुणाकडे शुक्रवार, कुणाकडे सोमवार, कुणाच्या घरी एकादशी. घरात थोरल्या जाऊबाई असतील तर त्यांचा मंगळवार वेगळा. हे सगळे वजा केल्यावर बुधवारची दुपार आणि रविवार उरतो. रविवारी पार्लरमध्ये भुवया कोरून घेणाऱ्यांची रांग उंबऱ्याबाहेर गेलेली असते. म्हणून बुधवार. बुधवारी पार्लरवाली माल आणायला नाशिकला गेलेली असते.

शनिवारच्या बाबतीत एक शास्त्रार्थ नेहमी ऐकू येतो.

"ताई, आज शनिवार. नखं कापायची नाहीत हं."

"कापत नाही हो काकू, नुसती घासते. शनीला काय कळतंय?"

"त्याला सगळं कळतं."

यावर दोन्ही पक्षांना मान्य असा तोडगा म्हणजे शनिवारी फक्त भुवया करणे. केस कापण्याबद्दलही शनीचे मत फारसे बरे नाही, पण भुवयांची बाब त्याच्या लक्षात आली नसावी.

वार निघाला की प्रकारांकडे वळता येते. सर्वांत खालची पायरी म्हणजे साधी मॅनिक्युअर. कोमट पाण्याच्या भांड्यात शाम्पूचे चार थेंब टाकून बोटे बुडवतात, मग घासणे, कड मागे सारणे, थोडा मसाज आणि रंग. यातला पाण्याचा भाग गिऱ्हाइकाला फार आवडतो आणि रंगाला अजिबात आवडत नाही. नख पाणी शोषून किंचित पसरते. त्या पसरलेल्या नखावर रंग लावला की नख सुकून मूळ मापावर येते आणि रंग मात्र पसरलेल्या मापाचाच राहतो, परिणामी दोन दिवसांत टोकाला टवके. यावर उपाय म्हणून कोरडी मॅनिक्युअर निघाली. तीत बोटे भिजवत नाहीत, काम तेला-क्रीमवर भागवतात. ती टिकते जास्त आणि चालते कमी, कारण गावातले गिऱ्हाईक रास्त शंका काढते : "पाणी पण नाही? मग पैसे कशाचे घेऊ राहिली?"

नखाच्या मुळाशी असलेली कातडीची कड, म्हणजे क्युटिकल, ही जंतू आत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने लावलेली लांबी होय. ती कापू नये, फक्त मऊ करून मागे सारावी, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. पार्लरमध्ये ती दिसताच चिमटा उचलला जातो. "हे मेलेलं आहे ताई, काढून टाकते," असे म्हणण्यात आणि 'स्स' असा आवाज येण्यात जेवढे अंतर असते, तेवढ्यात कळते की ते मेलेले नव्हते.

साध्या प्रकाराच्या वर स्पा मॅनिक्युअर. तीत तीच कामे वासासकट होतात. चॉकलेट, कॉफी, गुलाब, फळे, आणि नाशिक जिल्ह्याला साजेसा द्राक्षबियांच्या तेलाचा. इथे अर्थशास्त्राचा एक चमत्कार पाहायला मिळतो. ज्या बाईच्या घरची द्राक्षे व्यापाऱ्याने 'मणी लहान आहे, शुगर कमी आहे' म्हणत किलोमागे पाच रुपये पाडून नेली, तीच बाई त्याच फळाच्या बीचे तेल हातावर थेंब-थेंब टाकून घेते आणि तेलात शुगर किती हे विचारत नाही.

पॅराफिन मॅनिक्युअर हा प्रकार मात्र निफाड तालुक्यासाठीच काढला असावा असा आहे. वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवून काढायचे, थर चढू द्यायचा, पिशवी गुंडाळून स्वस्थ बसायचे. उबेने कातडी मऊ होते. निफाडची थंडी राज्यभर वर्तमानपत्रांत झळकते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरला की महाबळेश्वरची मान खाली जाते. अशा कडाक्यात हात उलून रक्त निघते. पण त्याच आठवड्यात द्राक्षाचे मणीही तडकतात, म्हणून पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवायच्या असतात, पाणी सोडायचे असते, आणि घरातली सगळी उबेची तरतूद वेलींकडे जाते. हातांना व्हॅसलीन. तेही डबीच्या तळाचे. पॅराफिनचे भांडे पार्लरच्या फळीवर दिमाखात असते आणि त्यात क्लिपा ठेवलेल्या असतात.

यानंतर फ्रेंच मॅनिक्युअर. नावात फ्रेंच असली तरी तिचा जन्म अमेरिकेचा : १९७० च्या दशकात जेफ पिंक नावाच्या सौंदर्यप्रसाधन व्यावसायिकाने हॉलिवूडच्या नट्यांसाठी ती प्रचारात आणली, कारण प्रत्येक पोशाखाबरोबर रंग बदलत बसायला चित्रीकरणात वेळ नव्हता. फिकट गुलाबी नख आणि टोकाला पांढरी कमान. ती कशावरही शोभते. जेफ पिंकने विचारात न घेतलेली एकच गोष्ट म्हणजे हळद.

सायखेड्यातल्या लग्नघरी नवरीचे नख हा सामुदायिक विषय असतो. मॅनिक्युअर कधी करायची? हळदीनंतर करावी तर हळद आणि लग्न यांच्या मध्ये उरते एक रात्र, आणि त्या रात्री मेंदीवालीपासून कापडाच्या गाठोड्यांपर्यंत सगळ्यांना नवरीचा हात हवा असतो. मेंदीआधी करावी तर मेंदी नखांवरून ओघळते. मग पार्लरवाली आदल्या सकाळी येऊन फ्रेंच करून जाते आणि नवरीला बजावते, "बोटं वर धरून बस." नवरी बोटे वर धरून पाटावर बसते. पाच सुवासिनींनी पानाने टेकवायची हळद पहिल्या पाचांपर्यंत पानाने टेकते. सहावी आत्या असते. आत्याचा हात ओंजळीचा असतो. त्यानंतर मामेबहिणींचा घोळका, आणि मग दिराच्या मित्रांना कुणी आत सोडले याची चौकशी. हळद उतरल्यावर पाहावे तर दहाच्या दहा पांढऱ्या कमानी पिवळ्याजर्द, आणि पिवळेपणाही सारखा नाही; अंगठ्यावर आंबेहळद, करंगळीवर नुसती छटा.

अशा वेळी घरात एक विज्ञानाच्या बाई असतात. त्या सांगतात की हळदीतले कर्क्युमिन उन्हात फिके पडते. हे खरे आहे. हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात टाकला की डाग जातो तो याचमुळे. नवरीला गच्चीवर नेतात आणि मेच्या उन्हात हात पसरून बसवतात. तासाभराने कमानी बऱ्यापैकी पांढऱ्या होतात, चेहरा तेवढ्याच प्रमाणात काळवंडतो, आणि फेशियलचे पैसे कुणाकडून वसूल करायचे यावर पार्लरवाली व विज्ञानाच्या बाई यांच्यात दीर्घ पत्रव्यवहारासारखी शांतता पसरते.

जेल हा सध्या सर्वांत मागणी असलेला प्रकार. नेहमीचा पॉलिश हवेने सुकतो. जेल सुकत नाही, ते दिव्याखाली कडक होते. दिव्यातून अतिनील किरण निघतात, त्यांनी जेलमधले रेणू एकमेकांना जोडले जाऊन कठीण थर बनतो. चार बोटे आधी दिव्यात जातात, अंगठा नंतर एकटा जातो, कारण चारांबरोबर घातला तर तो आडवा पडतो आणि प्रकाश नखाच्या कडेवरच पडतो. असे प्रत्येक थराला. तळाचा थर, रंगाचे दोन, वरचा चमकीचा. एकूण दिव्याच्या आत-बाहेर इतक्या फेऱ्या होतात की गिऱ्हाइकाला आपण यंत्रात घातलेला कागद आहोत असे वाटू लागते. पण एकदा झाले की दोन-तीन आठवडे बघायला नको.

वीज असेल तर. तिसऱ्या थराला वीज जाणे ही जेलची सायखेड्यातली नैसर्गिक अवस्था मानावी. उजवा हात पक्का, डावा ओला, डाव्याचा अंगठा तर अजून रांगेतच. ओले जेल हवेने सुकत नसल्याने पंधरा मिनिटांनीही ते तितकेच ओले असते आणि कशालाही लागले की तिथले होते. त्यातच नाक खाजते. पदर सुटतो. फोन वाजतो आणि शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई तो उचलून कानाला लावते, त्यामुळे संभाषण तिलाही स्पष्ट ऐकू जाते.

"काय करू राहिली तू दोन तास?"

"अहो, लाइट गेली."

"लाइट गेली तर घरी ये की!"

"हात ओला आहे."

"मग पूस."

शेजारची बाई इथे हळहळते. नंतर ही हकीकत बाजारतळापर्यंत पोचते ती तिच्याकडूनच.

सूर्यप्रकाशातही अतिनील किरण असतात, तेव्हा पार्लरवाली डावा हात खिडकीबाहेर धरायला सांगते. थोडेफार जेल खरोखर कडक होते. धूळही त्यात बसते. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर गेला असेल तर कांद्याची साल. ती काढता येत नाही. वरचा थर देऊन तिलाच नक्षी म्हणतात.

जेलच्या निवडीत युरोपचाही संबंध येतो. जेल कडक होण्यासाठी वापरले जाणारे टीपीओ हे रसायन युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांतून १ सप्टेंबर २०२५ पासून बाद केले. शहरात ही बातमी वाचून लोक 'आपण कुठे युरोपात राहतो' म्हणून पान उलटतात. निफाड तालुक्यात तसे होत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडवले होते, आणि तेव्हापासून 'युरोपात चालत नाही' या वाक्याला इथे आप्तवाक्याचे वजन आहे. पत्नीच्या नखांकडे वर्षभर न पाहिलेला बागायतदार हे ऐकून ताडकन उठतो, तिचा हात उजेडात धरतो आणि गंभीरपणे विचारतो, "रेसिड्यू किती निघाला?" नखांकडे नवऱ्याचे लक्ष वेधण्याचा याहून खात्रीचा उपाय अजून कोणत्याही नेल स्टुडिओला सापडलेला नाही.

ॲक्रिलिक नखे म्हणजे द्रव आणि पूड यांचे मिश्रण नखावर थापून घडवलेली लांब, कठीण नखे. त्यांना दिवा लागत नाही, मात्र त्यांचा वास गल्लीच्या टोकावरून पार्लरचा पत्ता सांगतो. हा शोध एका दंतवैद्याचा. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक याचे नख मोडले आणि त्याने दवाखान्यातले दातांचे ॲक्रिलिक वापरून ते जोडले. कवळीचा गुलाबी पायाही ॲक्रिलिकचाच असतो. त्यामुळे सासूबाईंच्या तोंडात आणि सुनेच्या बोटांवर एकाच कुळातला पदार्थ नांदत असतो, आणि दोघी एकमेकींचा पदार्थ नाटकी आहे असे म्हणत असतात.

ॲक्रिलिकची खरी परीक्षा बाजरीच्या भाकरीवर होते. भाकरी थापताना तळहात आणि बोटांची पेरे पिठावर फिरतात. नख लांब असले की ते कडेला रुतते आणि भाकरीला बारीक चंद्रकोर पडते. दिसायला ती चंद्रकोर सुबक असते. पण भाकरी फुगते ती आत कोंडलेल्या वाफेने, आणि चंद्रकोरीतून वाफ सुटून जाते. भाकरी तव्यावरून विस्तवावर जाते, एका बाजूने उसासा टाकते आणि सपाट राहते. सासूबाई काही बोलत नाहीत. त्या ती भाकरी उचलतात, चंद्रकोरीतून खिडकीकडे बघतात आणि ताटात ठेवतात. हे बोलण्यापेक्षा जास्त असते.

बाकीच्या अडचणी त्या मानाने किरकोळ. नखाच्या टोकाने मोबाइलच्या पडद्याला काही कळत नाही, बोटाची कातडीच टेकावी लागते. त्यामुळे किराणा दुकानात पैसे देताना बोट आडवे करून दाबावे लागते आणि शंभराचे हजार होतात. लसूण सोलता येत नाही, हा तोटा आहे की फायदा यावर घराघरांत मतभेद आहेत. कांद्याची लागण करायला तर अशी नखे घेऊन जाताच येत नाही, आणि लागणीच्या ऐन हंगामात ॲक्रिलिक करून घेणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही असे म्हणणे कठीण आहे.

ॲक्रिलिकला दर दोन-तीन आठवड्यांनी डागडुजी लागते, कारण खालून खरे नख वाढते आणि मधे फट दिसू लागते. हे काम गावात कुणी करत नसल्यास चांदोरीवरून नाशिकला, कॉलेज रोडला जावे लागते. पाणवेलींचा संबंध येतो तो इथे. पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढते, पाणवेलींचे बेटच्या बेट पुलाला येऊन थटते, पूल रहदारीला बंद होतो आणि डागडुजीची तारीख टळते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत तर गावातच पाणी शिरले होते. तेव्हा नखांची आठवण कुणाला झाली नसणार. पण एरवीच्या लहान पुरात, पूल बंद असताना काठावर उभे राहून पाण्याच्या पातळीऐवजी स्वतःच्या बोटांकडे बघणारी एखादी तरुणी दिसली तर तिची फट रुंदावत चालली आहे असे समजावे.

बागायतदाराला सर्वांत चटकन समजणारा प्रकार म्हणजे डिप पावडर. नखाला सायनोॲक्रिलेट जातीचा गोंद लावायचा, म्हणजे तुटलेली चप्पल क्षणात चिकटवणारा जो असतो त्याचाच चुलतभाऊ, आणि बोट रंगीत पुडीच्या डबीत बुडवून काढायचे. थर वाढवून वर पक्के करणारे द्रव्य फिरवायचे. दिवा नको, वास कमी, टिकते जेलपेक्षा थोडे अधिकच. एकाच डबीत सगळ्या गावाची बोटे बुडवू नयेत, पूड वेगळी काढून वापरावी किंवा नखावर शिंपडावी, एवढे पथ्य. इकडे द्राक्षाचे घडही मणी लांब आणि टपोरे व्हावेत म्हणून जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात एकेक करून बुडवतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या हे काम दिवसभर करतात आणि या कामालाही डिपिंगच म्हणतात.

"अहो, डिपिंग करून आले."

"कोणत्या प्लॉटचं?"

"नखांचं!"

थोडा विचार होतो. मग : "किती पीपीएम धरला?"

पुरुषांच्या मॅनिक्युअरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती नवरदेवाच्या पॅकेजमध्ये फेशियलच्या खाली, बारीक अक्षरात असते. नवरदेव ती करून घेतो, नखे चकाकतात आणि मित्र विचारतात, "पॉलिश लावलं का रे?" त्यानंतर वरातीत तो दोन्ही हात खिशात घालून नाचतो. नाचताना हात खिशात का, असे कुणी विचारले तर थंडी वाजते म्हणतो. मे महिन्यात.

एक प्रकार असा आहे की त्यात निवडच नाही. तो सरकारी, मोफत आणि घरापासून जवळ मिळतो. मतदान केंद्रावर डाव्या तर्जनीवर ओढली जाणारी शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशभर वापरात आहे. म्हैसूर पेंट्स अँड वार्निश ही कर्नाटक सरकारची कंपनी ती बनवते. तीत सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, नखावरचा नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो. निफाड तालुका दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतो आणि तिथे २० मे २०२४ ला मतदान झाले, म्हणजे लग्नसराईच्या दिवसांत. नऊ बोटांना मरून आणि दहाव्याला मरूनवर जांभळट-काळी उभी रेघ, ही रंगसंगती कोणत्याही कॅटलॉगमध्ये नाही. तरी फोटोत लोक तेच बोट पुढे करतात.

उरला रंग. प्रकार ठरल्यावर निवड संपते असे ज्यांना वाटते त्यांनी रंगांचे कार्ड पाहिलेले नसते. ते एक पंख्यासारखे उघडणारे प्रकरण असते. प्रत्येक काडीच्या टोकाला खोटे नख आणि त्यावर रंग. त्यांत नुसत्या गुलाबीच्या तीसेक काड्या. त्या एकमेकींपासून ओळखायला द्राक्षातली दोन दिवसांची भुरी ओळखणारी नजर लागते. गिऱ्हाईक एक काडी हाताच्या मागच्या बाजूला धरते, दुसरी धरते, दोन्ही उजेडात नेते, सोबत आलेल्या नणंदेला विचारते. नणंद म्हणते, "तुला काय आवडतं ते घे." हे उत्तर सल्ला नसून नकार असतो. मग फोटो काढून बहिणीला पाठवतात. बहीण पुण्याला असते. तिचा फोन वेगळ्या कंपनीचा, त्यात गुलाबी रंग नारिंगी दिसतो. ती म्हणते नारिंगी नको. नारिंगी कुणी घेतच नव्हते, पण आता त्याच्याकडे लक्ष जाते आणि तो बरा वाटू लागतो.

पाऊण तासाने पार्लरवाली पंखा मिटते.

"ताई, ठरलं का?"

"तुमच्या मनानं करा. साधंच काहीतरी. जास्त भडक नको, आणि एकदम फिकटही नको."

पार्लरवाली न बोलता मरूनची बाटली उचलते. ती पंखा उघडण्याआधीपासूनच ट्रेवर पुढे काढून ठेवलेली असते, कारण सकाळपासून आलेल्या सगळ्यांना हेच साधेच काहीतरी हवे होते. नाशिकच्या मोठ्या स्टुडिओत याच कामाला 'कन्सल्टेशन' म्हणतात आणि तिथेही मरूनच निघतो. फक्त पोचायला कॉफी लागते.

उतरवणे हा या विषयाचा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. साधा पॉलिश रिमूव्हरने पुसला जातो. जेल आणि डिप पावडर पुसून जात नाहीत. वरची चमक घासून, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे; मग थर सुटून येतो. ही फॉइल भाजी-पोळी बांधायचीच असते, त्यामुळे दहाही बोटांना ती गुंडाळून बसलेली गृहिणी घरच्या लहान मुलांना डबा भरल्यासारखी दिसते. दारावर दूधवाला येतो तो याच पंधरा मिनिटांत.

हे सगळे करण्याचा कंटाळा येतो आणि माणूस जेलची सुटलेली कड दुसऱ्या नखाने उचकटू लागतो. हे करू नये. जेलबरोबर नखाचे पापुद्रेही निघून येतात आणि नख कागदासारखे लवचीक होते. तरीही कीर्तनाला, एसटीत आणि ग्रामसभेत हे काम अत्यंत तन्मयतेने चालू असते. वक्ता जितका लांबतो तितकी बोटे मोकळी होतात. ॲक्रिलिक तर ओढून काढण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. एका घरी ॲसिटोन संपले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. ज्याने तो मांडला त्याला त्याच दिवशी गेटला रंग द्यायचा होता, असे नंतर उघड झाले.

सोलून पातळ झालेले नख दुरुस्त होत नाही, ते फक्त वाढून पुढे जाते. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. मधल्या बोटाचे लवकर, अंगठ्याचे सावकाश. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख यायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास उतरवलेली नखे, बागेत द्राक्षाचा शेवटचा क्रेट भरला जातो त्या वेळेस पूर्ववत होतात. त्याच आठवड्यात लग्नाच्या पत्रिका यायला सुरुवात झालेली असते.